मुक्तिबोध : एका विरळ आडनावाचा अभ्यास

महाराष्ट्रातील आडनावांकडे त्यांच्या उगमाच्या दृष्टीने पाहिले तर त्यांचे दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गातील नावे एकाच वेळी अनेक ठिकाणी, एकमेकांशी संबंध नसलेल्या घराण्यांत निर्माण झाली. कुलकर्णी, देशपांडे, पाटील, जोशी ही या वर्गातील ठळक नावे होत. गावाचा जमाखर्च लिहिणारा तो कुलकर्णी. आणि गाव तेथे कुलकर्णी असल्यामुळे हे आडनाव शेकडो गावांत स्वतंत्रपणे रूढ झाले. दोन कुलकर्णी प्रवासात एकमेकांस भेटले, तर त्यांचे पूर्वज एक असतील असे कोणी गृहीत धरत नाही. दुसऱ्या वर्गातील नावे मात्र एकदाच, एका घरात, एका विशिष्ट कारणाने जन्मास आली. अशा नावाची दोन माणसे भेटली की प्रथम नात्याचीच चौकशी होते, आणि बहुधा ते निघतेच. पहिल्या वर्गास बहुमूल आणि दुसऱ्यास एकमूल म्हणता येईल. विरळ आडनावे बहुतांशी या दुसऱ्या वर्गात मोडतात.

प्रस्तुत पाठात आपण मुक्तिबोध हे आडनाव अभ्यासासाठी घेतले आहे. ते निवडण्याचे कारण असे की हे नाव मराठी आणि हिंदी अशा दोन्ही साहित्यांत सुप्रसिद्ध आहे, परंतु ते आडनाव आहे हेच पुष्कळ वाचकांस ठाऊक नसते. शिवाय खानदेशातून निघून छत्तीसगडापर्यंत पोहोचलेल्या मराठी घराण्यांच्या स्थलांतराचा एक संपूर्ण आलेख या एका नावाच्या आधाराने काढता येतो.

आरंभी आडनाव या शब्दाविषयी थोडे सांगितले पाहिजे. आडवाट, आडगाव या शब्दांत जो ‘आड’ आहे तोच येथेही आहे. मुख्य नावाच्या बाजूचे, दुय्यम असे जे नाव ते आडनाव. मुख्य नाव व्यक्तीचे स्वतःचे, त्यामागून वडिलांचे, आणि मग हे बाजूचे. मराठी माणसाच्या नावाची ही त्रिपदी रचना परप्रांतात गेल्यावरही सहसा सुटत नाही आणि पुष्कळदा तीच त्याच्या मूळ भाषेची खूण ठरते. गजानन माधव मुक्तिबोध या नावातील ‘माधव’ हे वडिलांचे नाव आहे, दुसरे स्वनाम नव्हे. छत्तीसगडातील दुर्ग येथील शासकीय महाविद्यालयास ज्यांचे नाव दिलेले आहे त्या विश्वनाथ यादव तामस्करांच्या नावातील ‘यादव’ हेही तसेच. हिंदी प्रदेशात यादव हे जातिवाचक आडनाव म्हणून परिचित असल्याने तेथील नवख्या वाचकाचा या नावाविषयी गोंधळ उडणे अगदी स्वाभाविक आहे. रायपूरचे सहकारी चळवळीतील कार्यकर्ते वामन बळीराम लाखे यांचेही नाव याच घडणीचे होते.

आता मुक्तिबोध या शब्दाचा अर्थ पाहू. मुक्ती आणि बोध या दोन संस्कृत शब्दांचा हा तत्पुरुष समास आहे. मुक्तीचा बोध, म्हणजे मोक्षाविषयीचे ज्ञान किंवा ते करून देणारा उपदेश. मराठीत ‘मुक्ती’ हा शब्द स्वतंत्रपणे येतो तेव्हा त्याचा अंत्य स्वर दीर्घ लिहिला जातो. समासाचे पूर्वपद झाल्यावर तो मूळ संस्कृताप्रमाणे ऱ्हस्व होतो. शक्ती, परंतु शक्तिपात. त्याचप्रमाणे मुक्ती, परंतु मुक्तिबोध. हिंदीत हा शब्द स्वतंत्रपणेही ऱ्हस्वच लिहितात. म्हणून दोन्ही भाषांत हे आडनाव एकाच प्रकारे लिहिले जाते, आणि दोन भाषांत वावरणाऱ्या घराण्याच्या दृष्टीने ही सोयीचीच गोष्ट झाली.

परंतु अर्थ कळला म्हणजे उगम कळला असे नव्हे. घराण्यास असे नाव का पडावे? मराठी आडनावे ज्या ठरावीक वाटांनी निर्माण झाली त्यांतील कोणतीही वाट येथे लागू पडत नाही. ते गावावरून आलेले नाही, कारण त्यास ‘कर’ हा प्रत्यय नाही. ते वतनावरून वा धंद्यावरून आलेले नाही. शारीरिक लकबीवरून किंवा थट्टेने पडलेल्या नावांचा मराठीत सुकाळ आहे, पण त्यांचा तोंडवळा असा धीरगंभीर नसतो. विद्येवरून पडलेली नावे मात्र पुष्कळ आहेत: पाठक, पुराणिक, शास्त्री, घनपाठी. यांतील प्रत्येक नाव विद्या बाळगणाऱ्या माणसाचे वर्णन करते. मुक्तिबोध हे नाव माणसाचे वर्णन करीत नाही. त्याची ठेवण ग्रंथाच्या शीर्षकाची आहे. आत्मबोध, तत्त्वबोध, दासबोध ही शीर्षके आठवली म्हणजे हे ध्यानात येते. ‘बोध’ हे उत्तरपद आपल्याकडे अध्यात्मपर ग्रंथांच्या नावांत रूढ आहे, व्यक्तींच्या नावांत नाही.

गजानन माधव मुक्तिबोध यांच्या चरित्रविषयक लेखनात जी परंपरागत हकीकत सांगितली जाते ती या निरीक्षणाशी जुळते. हे घराणे मूळचे कुलकर्णी. त्यांच्या एका पूर्वजाने खिलजींच्या काळात एक आध्यात्मिक ग्रंथ रचला आणि त्या ग्रंथाच्या नावावरून वंशास मुक्तिबोध हे नाव मिळाले, अशी ती हकीकत आहे. ग्रंथाचे नाव सांगताना मात्र पाठभेद आढळतो. कोणी ते ‘मुग्धबोध’ असे देतात, तर कोणी ‘मुक्तबोध’ असे.

हा पाठभेद क्षुल्लक नाही. ‘मुग्धबोध’ नावाचा एक ग्रंथ खरोखरच प्रसिद्ध आहे, परंतु तो अध्यात्माचा नसून व्याकरणाचा आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने, हेमाद्री पंडिताच्या सहवासात राहिलेल्या बोपदेवाने तो रचला. पाणिनीची दुर्गम रचना नवशिक्यांना झेपावी म्हणून त्याने ती सोपी केली. मुग्ध म्हणजे अजाण, त्यांना होणारा बोध तो मुग्धबोध. विशेष हे की हा ग्रंथ महाराष्ट्रात फारसा रुजला नाही. त्याचे खरे राज्य चालले ते बंगालमधील पाठशाळांतून. अल्लाउद्दीन खिलजीने देवगिरीवर पहिली स्वारी केली ती १२९६ मध्ये, म्हणजे बोपदेवाच्या पिढीनंतर लवकरच. ‘खिलजींचा काळ’ आणि ‘मुग्धबोध’ हे दोन्ही तपशील कुलकथेत एकत्र यावेत हा निव्वळ योगायोग असेल असे मानणे कठीण आहे. आमच्या मते बोपदेवाच्या ग्रंथाची कीर्ती पुढे केव्हातरी कुलकथेत मिसळली असावी. घराण्यातील एखाद्या विद्वानाने मुक्तिविषयक ग्रंथ लिहिला हे सर्वस्वी संभवनीय आहे. त्याचा काळ सांगताना कोणीतरी त्याच शतकातील त्या नामसदृश ग्रंथाचा काळ उसना घेतला, इतकेच. कुलकथा अशाच वाढतात. त्यांत खोटे सांगण्याचा हेतू नसतो. विसरलेल्या जागी आठवणीतले दुसरे काहीतरी येऊन बसते.

काळाविषयी शंका घेण्यास आणखी एक कारण आहे. यादवकाळातील शिलालेखांत व ताम्रपटांत माणसाची ओळख त्याच्या नावाने, वडिलांच्या नावाने, गोत्राने किंवा पदवीने दिलेली असते. पिढ्यान्‌पिढ्या न बदलणारे आडनाव ही त्यामानाने अलीकडची सोय आहे. मराठेशाहीच्या दप्तरांत ती स्थिरावत गेली आणि इंग्रजी अमदानीतील जमीनमोजणी, शाळा, कचेऱ्या व न्यायालये यांच्या कागदपत्रांनी ती कायम केली. महाराष्ट्रीय पंडितांच्या हस्तलिखितांच्या शेवटी, ग्रंथकर्त्याच्या ओळखीत, ‘इत्युपनामक’ असा प्रयोग वारंवार येतो. अमुक या उपनामाचा, असा त्याचा अर्थ. पंडित जेथे एकत्र जमत तेथे, विशेषतः काशीस, एकाच नावाचे अनेक भट्ट असत. त्यांना वेगळे ओळखण्यासाठी हे उपनाम उपयोगी पडे. कुलकर्णी घराण्यांनाही हीच गरज भासली असली पाहिजे. एकाच परगण्यात दहा कुलकर्णी असतील तर ‘मुक्तिबोधवाले कुलकर्णी’ ही खूण चटकन पटते, आणि दोन पिढ्यांनी मागचा शब्द गळून पुढचा तेवढा उरतो.

येथे भाषांतरकाराच्या दृष्टीने एक गमतीची अडचण येते. ‘उपनाम’ हा शब्द मराठीत, विशेषतः जुन्या ग्रांथिक मराठीत, आडनावास समानार्थी आहे. हिंदीत तो आडनावासही वापरतात आणि कवीने स्वतः धारण केलेल्या टोपणनावासही. निराला, दिनकर, अज्ञेय ही हिंदीतील उपनामे म्हणजे टोपणनावे आहेत. या मालिकेत ‘मुक्तिबोध’ हा शब्द सहज बसतो. त्याचा अर्थही असा की, बंडखोर कवीने तो जाणूनबुजून निवडला असावा असेच वाटावे. त्यामुळे हिंदी वाचकांत तसा समज पसरला तर त्यांना दोष देता येत नाही. समजाचे निराकरण करणारा पुरावा मराठीत आहे. गजानन माधवांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध (१९२१–१९८४) हे मराठीतील मान्यवर कवी, कादंबरीकार व समीक्षक होते. ‘नवी मळवाट’ हा त्यांचा काव्यसंग्रह आणि ‘क्षिप्रा’ ही कादंबरी मराठी वाचकांस परिचित आहे; ‘सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य’ या समीक्षाग्रंथास १९७९ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. दोन भावांनी दोन भाषांत एकच टोपणनाव घ्यावे, हे कोणासही पटण्यासारखे नाही.

एका घरातील दोन भावांपैकी एक हिंदीत आणि दुसरा मराठीत कवी होतो, याचा उलगडा घराण्याच्या प्रवासात आहे. त्यांचे पणजोबा वासुदेव हे जळगावाहून ग्वाल्हेर संस्थानात आले, असे सांगितले जाते. शिंद्यांच्या त्या संस्थानात मराठी कारकुनास, शिक्षकास व अंमलदारास जागा होती आणि मान होता. वडील माधवराव संस्थानच्या पोलीस खात्यात होते. गजानन माधवांचा जन्म १३ नोव्हेंबर १९१७ रोजी श्योपूर येथे झाला. पुढे उज्जैन आणि इंदूर येथे ते वाढले व शिकले. घरात मराठी, रस्त्यावर माळवी आणि शाळेत हिंदी, अशी माळव्यातील मराठी घरांची सर्वसाधारण स्थिती होती. १९४३ मध्ये ‘तार सप्तक’ या संग्रहात त्यांच्या कविता आल्या तेव्हा हे आडनाव प्रथमच मोठ्या हिंदी वाचकवर्गापुढे आले. १९४८ मध्ये ते नागपुरास गेले आणि १९५८ मध्ये राजनांदगाव येथील दिग्विजय महाविद्यालयात प्राध्यापक झाले.

नागपूर ते राजनांदगाव हा प्रवास आज एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाण्याचा आहे. पूर्वी तसे नव्हते. रायपूर व त्याच्या आसपासचा प्रदेश अठराव्या शतकापासून नागपूरशी बांधलेला होता. १७४१ मध्ये भास्करपंत कोल्हटकरांच्या नेतृत्वाखाली भोसल्यांची फौज रतनपुरावर आली. १७५८ पासून १७८७ पर्यंत बिंबाजी भोसल्यांनी रतनपुरास राहून छत्तीसगडाचा कारभार पाहिला. १८१८ नंतर इंग्रज अधीक्षकाने मुख्य ठाणे रतनपुराहून रायपुरास हलविले. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले आणि १८६१ मध्ये मध्य प्रांताची घडण झाली, तरी राजधानी नागपूरच राहिली. कचेरीची, न्यायालयाची व परीक्षेची कामे नागपुरास असल्यामुळे मराठी माणसांची ये-जा अखंड चालू होती. पुढे लोहमार्ग झाल्यावर ती वाढली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, नागपूर मुंबई राज्यात गेले आणि रायपूर व राजनांदगाव नव्या मध्य प्रदेशात राहिले. म्हणजे १९५८ मध्ये मुक्तिबोधांनी जी सीमा ओलांडली तिचे वय अवघे दोन वर्षांचे होते. २००० साली छत्तीसगड राज्य वेगळे होऊन रायपूर त्याची राजधानी झाली. एका घराण्याच्या चार मुक्कामांपैकी श्योपूर व उज्जैन मध्य प्रदेशात, नागपूर महाराष्ट्रात आणि राजनांदगाव छत्तीसगडात, असे आजचे नकाशे सांगतात. पण ती माणसे हलली तेव्हा हे नकाशे असे नव्हते.

रायपुरात या येण्याजाण्याच्या खुणा वस्त्यांच्या व संस्थांच्या नावांत उमटलेल्या आहेत. तात्यापारा ही जुनी वस्ती, लाखेनगर, दाणी यांच्या नावाची मुलींची शाळा, सप्रे यांच्या नावाची शाळा: एखाद्या अभ्यासकाने नुसती ही नावे टिपली तरी त्यास मराठी वसाहतीचा एक पट मिळेल. यांपैकी माधवराव सप्रे (१८७१–१९२६) यांचा आपल्या विषयाशी निराळाच धागा जुळतो. ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक १९०० मध्ये सुरू करणाऱ्या या मराठीभाषी संपादकाने समर्थांचा दासबोध आणि लोकमान्यांचे गीतारहस्य हिंदीत आणले. एका ‘बोधा’स हिंदीत नेणारा मराठी माणूस रायपुरास होऊन गेला, आणि चार दशकांनी ‘बोध’ हेच ज्याच्या आडनावात होते असा दुसरा मराठी माणूस रायपूरपासून सुमारे ७० किलोमीटरवर बसून हिंदी कवितेचे वळण बदलून गेला. गजानन माधव मुक्तिबोध ११ सप्टेंबर १९६४ रोजी निवर्तले. राजनांदगावात त्यांचे स्मारक आहे, आणि रायपुरात ‘इप्टा’ या नाट्यसंस्थेच्या शाखेने त्यांच्या नावाने नाट्यसमारोह भरविले. छत्तीसगडात आज हे आडनाव सर्वांच्या परिचयाचे आहे. ते धारण करणारी माणसे मात्र हाताच्या बोटांवर मोजण्यासारखी. विरळ आडनावाच्या संदर्भात प्रसिद्धी आणि संख्या या दोहोंची गल्लत कशी होते याचे हे चांगले उदाहरण आहे.

मग संख्या मोजावी कशी? भारताच्या जनगणनेत भाषा, धर्म, व्यवसाय, स्थलांतर यांची कोष्टके प्रसिद्ध होतात. आडनावांची होत नाहीत. दक्षिण कोरियात ती होतात: तेथील २०१५ च्या गणनेत ‘किम’ आडनावाचे लोक एक कोटीहून अधिक, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या एक पंचमांशापेक्षा जास्त भरले. आपल्याकडे मतदारयाद्या हेच त्यातल्या त्यात व्यापक साधन आहे. परंतु एकमूल आडनावाच्या बाबतीत नुसती बेरीज फारशी बोलकी नसते. ते नाव कोठे कोठे सापडते ते पाहावे. कुलकर्णी हे नाव नकाशावर मांडले तर पावसाच्या सरीसारखे सगळीकडे ठिपके पडतील. मुक्तिबोध हे नाव मांडले तर ठिपके थोडे पडतील, पण ते एका रेषेने जोडता येतील, आणि ती रेषा म्हणजे नोकऱ्यांची, बदल्यांची व शाळांची वाट असेल.

विरळ आडनाव टिकते की नष्ट होते, हा प्रश्न गणितज्ञांनीही हाताळला आहे. इंग्लंडातील नामांकित घराण्यांची नावे का लोप पावतात, असा प्रश्न फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८७३ मध्ये जाहीरपणे विचारला. धर्मोपदेशक असलेले गणितज्ञ वॉटसन यांनी त्याचे उत्तर दिले आणि दोघांचा निबंध १८७४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याची रीत एका साध्या उदाहरणाने समजेल. आडनाव फक्त मुलग्यांकडून पुढे जाते असे धरा. प्रत्येक पुरुषास किती मुलगे होतील हे दोन नाणी उडवून ठरवा: जितके छाप पडतील तितके मुलगे. सरासरी एक मुलगा येते. म्हणजे वंश न वाढता जेथल्या तेथे राहील असे वरवर वाटते. प्रत्यक्षात, एकाच पुरुषापासून आरंभ केला तर पहिल्याच पिढीत नाव संपण्याचा संभव शेकडा २५ आहे. दुसऱ्या पिढीअखेर तो ३९, तिसऱ्या पिढीअखेर ४८ आणि पाचव्या पिढीअखेर ६० होतो. सरासरी एकाहून अधिक असेल तरच नाव कायम टिकण्याची आशा धरता येते. वॉटसन यांच्या आकडेमोडीत चूक राहून सर्वच नावे अखेर नष्ट होतात असे त्यांनी म्हटले. ती चूक पुढे डेन्मार्कमध्ये दुरुस्त झाली. दूरध्वनीच्या गणितासाठी ख्यातनाम असलेले एर्लांग यांनी १९२९ मध्ये हा प्रश्न पुन्हा हाती घेतला, कारण त्यांच्या आईच्या माहेरचे क्रारूप हे आडनाव लोप पावत चालले होते. त्याच वर्षी एर्लांग वारले; स्टेफेन्सेन यांनी १९३० मध्ये पूर्ण उत्तर प्रसिद्ध केले.

आईच्या माहेरचे नाव, हा तपशील सहज सोडून देण्यासारखा नाही. आपल्या पद्धतीत लग्नानंतर स्त्रीचे आडनाव बदलते, आणि घराण्याचा निम्मा वंश आडनावाच्या हिशेबातून निघून जातो. रक्त राहते, नाव जात असते. विसाव्या शतकात भारताची लोकसंख्या वाढल्यामुळे पुष्कळ विरळ आडनावांना आपोआप आधार मिळाला. आता तो राहिलेला नाही. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार दर स्त्रीमागे मुलांची सरासरी २.० झाली आहे. शहरी भागात ती १.६ आहे. मुलगे त्याच्या निम्मेच्या आसपास धरावे लागतात. म्हणजे वरील उदाहरणातील नाण्यांचा खेळ आज आपल्या शहरांत खरोखरच चालू आहे, आणि मूठभर घरांत उरलेली आडनावे त्यात सर्वांआधी बाहेर पडतील. मुलीने माहेरचे नाव ठेवावे किंवा मुलांना आईचेही नाव लावावे, ही जी प्रथा आता काही घरांत दिसते तिचा या गणितावर सरळ परिणाम होतो.

आपल्या स्वतःच्या आडनावाचा शोध घेऊ इच्छिणाऱ्या वाचकाने प्रथम घरातील वडीलधाऱ्यांकडून गोत्र, कुलदैवत आणि मूळ गाव ही तीन टिपून घ्यावीत. आडनाव बदलले तरी ही तीन सहसा बदलत नाहीत. त्यानंतर नाशिक, त्र्यंबकेश्वर, पैठण, प्रयाग, गया येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्या पाहाव्यात. यात्रेस आलेल्या यजमानाने त्या वहीत आपले नाव, वाडवडिलांची नावे, गाव आणि आडनाव लिहून वा लिहवून ठेवलेले असते. अनेक वह्या काही पिढ्या मागे जातात. एका पानावर कुलकर्णी असलेले घराणे पुढच्या पानावर निराळ्या नावाने सही करताना आढळले, तर त्या दोन यात्रांच्या मधली वर्षे ही त्या आडनावाची जन्मवेळ समजावी. कुलकथेतील शतक कोणतेही असो, मोजणी त्या पानापासून सुरू करावी.